तोंडापासून पाण्यापर्यंत

“मॅडम, विहिरीला ताप येतो का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि मग तिच्या लक्षात आलं की हॉलमध्ये तीनशे मुलं बसली आहेत. तिच्या डावीकडे चष्मेवाली ढापणी आणि उजवीकडे लांबलचक उंटीण, या तिच्या दोघी मैत्रिणी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवून गदागदा हलत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. ढापणीचं म्हणणं होतं की ती विचारणारच नाही, उंटीण म्हणाली विचारेल पण अर्ध्यात रडेल. दोघी हरल्या होत्या आणि हरल्याचा त्यांना इतका आनंद झाला होता की बघवत नव्हतं.

ज्या मुलीने हा प्रश्न विचारला, तिला पाचवीपासून सगळी शाळा म्यूट म्हणायची. कारण तोंड हलायचं, पण आवाज यायचा नाही. मॉनिटर तीन वर्षं हजेरीत तिचं आडनाव चुकीचं वाचायचा आणि ही तीन वर्षं त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आडनावाला हजर म्हणायची. गेल्या महिन्यात मात्र काय झालं कोण जाणे, ती उठली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, की हे माझं आडनाव नाही आणि ज्या कुणाचं असेल ती बिचारी तीन वर्षं गैरहजर आहे. वर्ग हसला. तिच्यावर नाही, तिच्या बोलण्यावर. हा फरक तिला इतका आवडला की तेव्हापासून ती थांबलीच नव्हती. बसच्या ड्रायव्हरशी, बँकेच्या वॉचमनशी, दात काढणाऱ्या डॉक्टरशी (तोंडात कापूस असताना) ती बोलत सुटली होती. मैत्रिणी कावल्या होत्या. म्हणून ही पैज.

स्टेजवर भूजल खात्याच्या मॅडम होत्या. पायात चिखलाचे बूट, हातात छडी, मागे जमिनीच्या थरांचा मोठा तक्ता. गेली चाळीस मिनिटं त्या थरांबद्दल बोलत होत्या आणि गेली तीस मिनिटं हॉल झोपला होता. आता हॉल जागा झाला होता आणि हसत होता. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, कोण ते, उभी राहा.

ती उभी राहिली.

“ताप क्वचित येतो,” मॅडम म्हणाल्या. “पण धाप लागते. तुमच्या शाळेमागच्या विहिरीला लागलीये. ती मोजायची फीत माझ्या गाडीत आहे. चल.”

आणि त्या खरंच स्टेजवरून उतरल्या आणि चालू लागल्या. मुख्याध्यापकांच्या हातात आभाराच्या भाषणाचा कागद तसाच राहिला.

शाळेमागची विहीर म्हणजे तिच्याच गल्लीतली विहीर. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला तिच्या पप्पांचं ‘चकाचक गाडी धुलाई केंद्र’ आणि त्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं घर. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीवर वेलींचं रान, आत मिट्ट काळोख. गल्लीतल्या चाळीस घरांचं धुण्याभांड्यांचं पाणी इथूनच पंपाने वर चढायचं, पण आत डोकावलेला माणूस गल्लीत एकही नव्हता. नळ सोडला की पाणी येतं, डोकावायचं कशाला?

मॅडमनी वेली बाजूला सारल्या, जाळीचं झाकण उघडलं आणि एक मोठी रीळ काढली. तिच्यावर पिवळी फीत गुंडाळलेली, फितीच्या टोकाला स्टीलचं नाक. नाक पाण्याला लागलं की रीळ पीप वाजते, इतकी साधी गोष्ट. म्यूटने फीत सोडली. फीत गेली, गेली, गेली, आणि काळोखातून नाही तर थेट तिच्या हातातच पीप वाजलं. ती इतक्या जोरात किंचाळली की शाळेच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. विहिरीने फोन उचलल्यासारखं वाटलं तिला.

मॅडमनी आकडा वाचला आणि शाळेच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर ‘पातळी’ या शब्दापुढे लिहिला. सात पॉइंट वीस.

मग त्यांनी जे सांगितलं ते घाईत सांगितलं, कारण त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि त्यांना अशा आणखी तीस विहिरींची नाडी बघायची होती. बरोबर तीन आठवड्यांनी पालिकेचे साहेब येणार. ही विहीर मेल्यात जमा आहे असं पालिकेला वाटतं. तसं निघालं तर वर स्लॅब टाकून पार्किंग करणार, कागद तयार आहे. तोवर रोज सकाळी सात वाजता कुणीतरी मोजायला हवं आणि त्या फळ्यावर आणि वहीत लिहायला हवं, म्हणजे खात्याकडे नोंद राहील. कुणीतरी म्हणजे तू, तापाचं तुलाच सुचलं ना?

“एकच लक्षात ठेव,” रीळ तिच्याकडेच ठेवून गाडीत बसता बसता मॅडम म्हणाल्या, “अकराच्या खाली जाता कामा नये. अकराच्या खाली गेली की विहीर बंद.”

गाडी गेली. म्यूटने फळ्याकडे पाहिलं. सात पॉइंट वीस. सात म्हणजे अकराच्या खालीच की. आत्ताच खाली आहे, आणि हातात फक्त तीन आठवडे.

त्या संध्याकाळी ती दारोदार फिरली. महिन्यापूर्वी जी मुलगी दुकानात जाऊन पेन्सिल मागायला लाजायची, ती आता चाळीस घरांच्या बेल वाजवत होती. विहीर वाचवायची आहे, सातचे अकरा करायचे आहेत, पाणी जपून वापरा, हे ती इतक्या तळमळीने सांगत होती की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दाढीचं पाणी अर्ध्या मगवर आणायचं वचन दिलं. इस्त्रीवाले काका म्हणाले, मी कपड्यांवर शिंपडतो ते पाणी मोजून शिंपडीन. रोपवाटिकेच्या मावशींनी कुंड्यांना एक वेळ पाणी द्यायचं कबूल केलं. पप्पांनी तर गाड्या बादलीने धुवायला घेतल्या. पाइप गुंडाळून खिळ्याला लटकवला आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगत सुटले, की आमच्या पोरीला सरकारने फीत दिलीये.

तीन दिवस गल्लीने अशी बचत केली की शेवटी कुणी अंघोळ तरी करतं की नाही अशी शंका येऊ लागली. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळी गल्ली विहिरीपाशी. पीप. म्यूटने आकडा वाचला आणि तिचा चेहरा पडला.

सहा पॉइंट नव्वद.

इतकी बचत करून आकडा उलट कमी झाला होता. आजोबांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला, तो बराच वेळ खरखरत राहिला.

तेव्हा इस्त्रीवाले काका पुढे आले. काकांकडे प्रत्येक गोष्टीची एक थिअरी असते आणि ती ऐकवल्याशिवाय ते कुणाच्या शर्टाची घडी घालत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की विहीर म्हणजे झरे, आणि झरे म्हणजे नाक. वापरलं नाही तर चोंदतं. उपसा झाला की झरे मोकळे होतात आणि पाणी चढतं. आपण बचत करून विहिरीला सर्दी केली.

हे सगळ्यांना इतकं पटलं, की इतकं साधं आपल्याला सुचलं कसं नाही याचीच लाज वाटली. म्यूटला तर ताप आणि सर्दी एकाच घरातली वाटली. प्रयोग म्हणून पप्पांनी खिळ्यावरचा पाइप काढला आणि दिवसभर गाड्या धुतल्या, काही तर दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पीप.

सात पॉइंट चाळीस.

गल्लीने जो जल्लोष केला, त्याने शाळेची प्रार्थना पाच मिनिटं थांबली.

मग काय विचारता. मावशी कुंड्यांना तीन वेळा पाणी घालू लागल्या, प्लास्टिकच्या फुलांनासुद्धा. आजोबांनी एकाच दिवसात दोनदा दाढी केली. जिने धुतले गेले, अंगणं धुतली गेली, एका उत्साही ताईने रस्त्याचा दुभाजक ब्रशने घासला. पप्पांनी पाटी लावली, ‘एका धुण्यावर दुसरं धुणं मोफत, विहीर वाचवा’. आणि आकडा चढत होता. आठ पॉइंट दहा. नऊ. नऊ पॉइंट पंच्याऐंशी. रोज सात वाजता म्यूट उलट्या बादलीवर उभी राहून आकडा पुकारायची आणि रोज टाळ्या पडायच्या. तिला कुणी म्यूट म्हणेना. काका तिला ‘मोजणीबाई’ म्हणू लागले, मावशी ‘आमची इंजिनियर’. तिची कॉलर इतकी ताठ झाली होती की युनिफॉर्मला काकांची इस्त्री लागेना.

चौदाव्या दिवशी गल्लीचा पंप खोकायला लागला. घर्र करायचा, थांबायचा, हवा ओकायचा. काकांनी निदान केलं, की पाण्याचा जोर वाढलाय, पंपाला झेपत नाहीये. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंधराव्या दिवशी आकडा दहा पॉइंट बासष्ट. आता अकरा म्हणजे हाताच्या अंतरावर. अकरा झाले की गल्लीत स्पीकर लावायचा आणि मोजणीबाईंनी भाषण करायचं, असं ठरलं. भाषण तिने लिहूनही ठेवलं. त्याची सुरुवात होती, ‘मित्रहो, विहीर म्हणजे नाक.’

त्या संध्याकाळी ती भाषण वाचून दाखवायला आईच्या दुकानात गेली. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानात आधीच कुणीतरी होतं आणि त्या कुणीतरीने नाक लाल केलं होतं. ती ढापणी होती.

“वाढला,” ढापणी म्हणाली. “दोनचा अडीच झाला.”

“वाढला? अरे वा, अभिनंदन.”

ढापणीने तिच्याकडे असं पाहिलं, की नवा चष्मा लागायच्या आत काचेला तडा जावा. “अभिनंदन काय बावळट? नंबर वाढला म्हणजे डोळे बिघडले. आकडा मोठा म्हणजे चांगलंच असतं का सगळीकडे?”

आई खोक्यातली भिंगं बदलत होती. म्हणाली, असं वाटणारी गिऱ्हाइकं येतात अधूनमधून, नंबर वाढला की छातीच फुगते त्यांची.

म्यूट हसायला गेली आणि हसू अर्ध्यावर थांबलं. हातातलं भाषण तिने खाली ठेवलं. आईला कळेना, हिला एकदम काय झालं. ढापणीला वाटलं आपण जास्तच बोललो. पण ही तोवर दुकानाच्या बाहेर, आणि मागून ढापणी, आणि वाटेत क्लासवरून येणारी उंटीण, अशा तिघी पळत विहिरीवर.

तिने रीळ काढली आणि फीत विहिरीत न सोडता गल्लीच्या फरशीवर आडवी सोडली. स्टीलचं नाक जाळीपाशी उंटिणीच्या बुटाखाली धरलं आणि ती स्वतः रीळ घेऊन मागे मागे गेली. सात पॉइंट वीसवर थांबली. हे पहिल्या दिवसाचं. इथे आपण, तिथे पाणी. मग आणखी मागे गेली, नऊ, दहा, दहा पॉइंट बासष्ट, आणि तिची पाठ चकाचक धुलाई केंद्राच्या फाटकाला लागली. इथे आपण. पाणी तिकडे, अजून तिकडे. आकडा विहिरीत किती पाणी आहे ते सांगतच नव्हता. विहिरीच्या तोंडापासून पाणी किती लांब पळालंय ते सांगत होता.

अकराच्या खाली म्हणजे अकरा मीटरच्या खाली, खोल. मॅडमनी बरोबरच सांगितलं होतं. हिनेच उलटं ऐकलं होतं, आणि चाळीस घरांना हाताशी धरून विहिरीच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. तेही टाळ्या वाजवत.

उंटीण बूट न हलवता म्हणाली, “म्हणजे आपण तिला वाचवता वाचवता मारतोय.”

ढापणीने सल्ला दिला की मॅडमना फोन कर आणि बाकी काही बोलू नकोस. साहेब पाच-सहा दिवसांनी येतील, तेव्हा होईल ते होईल, लोक म्हणतील विहीरच वाईट होती. म्यूटने फोन केला, तर मॅडम कुठल्यातरी विहिरीत होत्या आणि फोन लागत नव्हता. त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा जुन्या नावाची आठवण आली. किती सोयीचं होतं ते. तोंड हलवायचं, आवाज काढायचा नाही. मोजणीबाईची म्यूट व्हायला काही लागत नव्हतं, फक्त उद्या सकाळी आकडा लिहायचा आणि गप्प बसायचं. टाळ्या तर पडणारच होत्या.

सकाळी सातला गल्ली हजर होती. पीप. ती उलट्या बादलीवर चढली. बादली आज जरा जास्तच डगमगत होती.

“दहा पॉइंट ऐंशी,” ती म्हणाली. टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत ती थांबली, आणि त्या संपायला फार वेळ लागला. “टाळ्या नका वाजवू. मी चुकले. हा आकडा वरून मोजलेला आहे. विहिरीच्या तोंडापासून पाण्यापर्यंत. आकडा वाढतोय म्हणजे पाणी खाली चाललंय. अजून वीस सेंटीमीटर गेलं की विहीर बंद होणार आहे, आणि हे आपण सगळ्यांनी मिळून केलं, पण सांगितलं मी.”

काकांच्या इस्त्रीचा निखारा तेवढा फुटला. काकांनी स्वतः एकदा आकाशाकडे पाहिलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “मग झरे?”

रोपवाटिकेच्या मावशींना हसू फुटलं. त्या हसता हसता खाली बसल्या. आपण प्लास्टिकच्या फुलांना पाणी घातलं हे त्या मोठ्याने सांगत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. दुभाजक घासणारी ताई लाल झाली. एक गृहस्थ मात्र चिडले. लहान पोरीच्या हातात सरकारी वस्तू दिली की दुसरं काय होणार, असं ते म्हणाले. त्यावर पप्पा पुढे झाले. पप्पा म्हणाले की पोरीने एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाही, हवं तर वही काढा. आकडा सरळ होता, वाचला आपण उलटा, आणि उलटं वाचायला तुम्हीही होतात, टाळी तुमचीच सगळ्यात मोठी असायची. गृहस्थांनी टाळीचे हात खिशात घातले. म्यूटला वाटलं आता रडू येणार, पण आलं नाही. आली ती शिंक.

त्याच मिनिटापासून गल्ली बंद. पंपाला कुलूप. आजोबांची दाढी पुन्हा वाढू लागली. पप्पांनी ‘मोफत’ची पाटी उलटी करून मागे ‘केंद्र बंद’ असं लिहिलं आणि फाटकात खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसले. येणाऱ्या गाडीवाल्याला ते विहिरीची सगळी गोष्ट सांगायचे आणि धूळ घेऊन परत पाठवायचे.

दुसऱ्या सकाळी दहा पॉइंट अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या सकाळी दहा पॉइंट शहात्तर.

पाणी वर येत होतं, पण गोगलगायीच्या चालीने. आधी नुसत्या बादल्यांच्या बचतीने तीन दिवसांत तीस सेंटीमीटर चढलं होतं, आणि आता सगळं बंद असून दिवसाला दोन? त्या दुपारी मॅडमचा फोन लागला. म्यूटने पहिल्यापासून सगळं सांगितलं, नाकासकट. मॅडम पूर्ण एक मिनिट हसल्या, मग माफी मागितली, म्हणाल्या चूक माझीही आहे. ‘खाली’ हा शब्द आमच्या खात्यात पायाखाली असतो, बाहेर तो आकड्यात असतो, हे मला कळायला हवं होतं. मग त्यांचा आवाज बदलला.

“पण मग कुठेतरी पाणी मुरतंय बघ. विहिरीजवळ एखादा मोठा पंप अजून चालू आहे. बोअरचा असेल. एकाच पाण्याला दोन नळ्या लावल्यासारखं असतं ते. शोध.”

शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. तिघी विहिरीपासून निघाल्या, भिंतींना कान लावत. इस्त्रीच्या टपरीत शांतता. रोपवाटिकेत शांतता. मग उंटीण, जिचा कान सगळ्यात वर पोचतो, ती धुलाई केंद्राच्या जिन्याखाली थांबली आणि एकदम ओशाळली. म्हणाली, तूच ऐक. म्यूटने कान लावला. भिंतीच्या आत मांजर घुरघुरावं तसा आवाज येत होता.

त्यांचाच बोअर, धुलाई केंद्राच्या गाड्या धुवायचा. विहिरीपासून वीस पावलांवर.

ढापणी आणि उंटीण न सांगता घरी गेल्या. चांगल्या मैत्रिणींना काही गोष्टी कळतात.

पप्पा अजून खुर्चीत, हाताची घडी. तिने विचारलं. पप्पांनी आधी कुठला आवाज म्हणून पाहिलं, मग वाऱ्याचा असेल म्हणून पाहिलं, मग घडी सुटली. गाडी मी एकही धुतली नाही, ते म्हणाले, शपथेवर सांगतो. फक्त टाक्या भरून घेतोय. वरची, खालची, मागचे चार ड्रम. साहेबांनी विहीर बंद केली तर पाणी राहील की नाही देव जाणे, धंदा बसेल, तुझी शाळा आहे, घर आहे. धुणं वेगळं आणि साठवणं वेगळं.

पप्पा हे सगळं खरं मनापासून सांगत होते. तेच तिला जड गेलं. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

ती म्हणाली, “पप्पा, विहिरीला धुणं आणि साठवणं वेगळं कळत नाही. तिला फक्त धाप लागते.”

पप्पा उठले. जिन्याखाली गेले. खट् असा आवाज आला आणि मांजर गप्प झालं. मग बराच वेळ ते बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांनी मागच्या चार ड्रममधलं पाणी चार वेगवेगळ्या घरांना नेऊन दिलं, कुणाला काही कारण न सांगता.

पुढच्या सकाळी दहा पॉइंट बावन्न. गल्ली आकड्यावर अशी खूश झाली की काकांनी आनंदाने एक शर्ट जाळला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा पॉइंट वीस. ‘घसरला, घसरला’ म्हणत लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांना कळत नव्हतं की इथे नक्की कशाचं दिवाळं निघालंय.

एकविसाव्या दिवशी पालिकेचे साहेब आले. बरोबर स्लॅबवाला कंत्राटदार आणि त्याच्या हातात खडू, मापं आखायला. मॅडमही आल्या, त्याच चिखलाच्या बुटांत. साहेबांनी फळा पाहिला, वही चाळली, चष्मा वर केला.

“कालच्यापेक्षा आज आकडा घसरलेला दिसतोय,” ते खेदाने म्हणाले.

“साहेब, वरून मोजायचं,” चाळीस घरं एका आवाजात म्हणाली. प्लास्टिकच्या फुलांच्या मावशी तर दोनदा म्हणाल्या.

साहेब दचकले. मग म्यूटने बादलीवर न चढता, जमिनीवर उभी राहून, फीत सोडली. पीप. नऊ पॉइंट चौऱ्याऐंशी. तिने साहेबांना तोंड म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, आकडा कुठून कुठे जातो, हे सगळं फीत हातात देऊन समजावलं. बारा दिवस आम्ही ही विहीर स्वतःच्या हातांनी मारत होतो आणि पाच दिवसांत ती स्वतःहून परत येतेय, मेलेली विहीर असं करत नाही, हेही सांगितलं. साहेबांचं पाणी तिने केव्हाच जोखलं होतं. ते ऐकून घेणारे होते, फक्त त्यांना आजवर कुणी थांबून सांगितलं नव्हतं.

साहेबांनी कंत्राटदाराला खडू खिशात ठेवायला सांगितलं. स्लॅबचा कागद वर्षभर बाजूला राहील. त्याऐवजी शाळेच्या आणि गल्लीच्या छपरांचं पाणी पाइपने आणून, खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून, विहिरीत सोडायचं. पाइप पालिका देईल, खड्डा गल्लीने खणायचा. मॅडमनी फीत परत मागितली नाही, पण फळ्यावर ‘पातळी’ शब्द पुसून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘तोंडापासून पाणी इतकं दूर’. मग तिच्याकडे वळून विचारलं, की आता विहिरीला ताप येतो का, आणि ती म्हणाली, नाही, विहिरीमुळे येतो.

दुपारी तिघं जेवायला बसले. आई दुकानातून सुट्टी घेऊन आली होती. पप्पा इतके खुशीत होते की भात वाढून घेतानाही बोलत होते. पोरीने साहेबाला कसं गार केलं, काका कसे रडले, सगळं आईला तिसऱ्यांदा सांगून झालं. मग पाण्याचा घोट घेऊन, अगदी सहज, ताटाकडे बघत ते म्हणाले, की चला, विहीर वाचली, आता सोमवारपासून बोअर पहिल्यासारखा सुरू करायला हरकत नाही.

आईचा हात वरणाच्या डावावरच थांबला.

म्यूटने घास संपवला. घाई केली नाही. महिन्यापूर्वी ती या क्षणी ताटातला भात बोटाने गोल गोल फिरवत बसली असती.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. उद्यापासून फळ्यावर दोन आकडे असतील. एक विहिरीचा आणि एक आपल्या बोअरचा, रोज किती वेळ चालला त्याचा. आपलं नाव पहिलं, मग बाकीच्यांची. तुम्ही वापरलेलं पाणी गाळून परत गाडी धुतलीत तर तेही लिहीन, मोठ्या अक्षरात. पण लिहिणार मी, रोज सातला, आणि मी ते मोठ्याने वाचणार आहे. आणि आई, वरण वाढ.”